आज कापून मिळणार नाही

उंब्रजला हायवेलगत सैन्यभरतीची एक अकॅडमी आहे. त्या पहाटे मैदानावर शिट्टी वाजली आणि धावायला कोणीच आलं नाही. पोरं संडासासमोर रांगेत उभी होती. रांग मात्र शिस्तीत, उंचीप्रमाणे.

*

कडेगाव तालुक्यातल्या एका गावात पोरींनी चिंचेला झोका बांधला. दोर नवा होता, हाताला सोलत होता.

*

"उद्याच या. सणाला माल जागचा हलत न्हाई. परवा आलासा तर धुतलेल्या फरशा बघशीला."

"आपण कोण बोलताय?"

फोन ठेवला गेला.

*

लाख वितळली की तिच्यावर फुंकर मारायची नसते, बुडबुडा येतो. पितळी मोहोर सरळ दाबायची आणि श्वास धरायचा.

*

विश्रामबागेतल्या एका दूध-दह्याच्या दुकानात खडूने लिहिलेली पाटी: *आज पंचमी. पनीर आहे. कापून मिळणार नाही.*

*

"नमुना पनीरच्या मानकांप्रमाणे आहे. भेसळ आढळली नाही."

चिरायचं नाही

प्रयोगशाळेच्या अहवालातलं हे वाक्य खरं असणं शक्य नव्हतं.

अन्न सुरक्षा अधिकारी प्रियंका होवाळ हिने नागपंचमीच्या दिवशी 'गोरसगंध' डेअरीवर छापा घातला होता. तिथे पामतेलाचे डबे होते, स्टार्चची पोती होती. "फरसाण बी करतो आमी," असं मालक शंभूराज घार्गे म्हणाला होता. पण पनीर तिने बोटांत दाबून पाहिलं होतं. दाबलं तसं ते रबरासारखं परत उभं राहिलं होतं. आणि आता त्याच पनीरला कागदावर शुद्ध ठरवलं होतं.

"बसा, होवाळ," सहायक आयुक्त वीरधवल साहेब म्हणाले. "घार्गेंनी तक्रार दिलीय. सणाच्या दिवशी छळ केला, नाव खराब केलं. शुक्रवारी सुनावणी आहे. त्या दिवशी त्यांच्या गोदामाचं सील काढावं लागेल. तुमच्या निलंबनाचा प्रस्ताव वर गेलाय. अहवाल असा आल्यावर मी तो अडवू शकत नाही."

"सील काढलं की दुसऱ्या दिवशी तोच माल उंब्रजच्या अकॅडमीत जाईल, साहेब. तिथली पोरं आत्ता कुठं पायावर उभी राहतायत."

"मला कळतंय."

"मग उरलेल्या भागांपैकी एक उघडा."

नमुना घेताना त्याचे चार भाग करतात. प्रत्येक भाग वेगळ्या बरणीत भरून तिच्यावर लाखेची मोहोर लावतात. एक बरणी प्रयोगशाळेत जाते. बाकीच्या साहेबांच्या खोलीतल्या थंड कपाटात राहतात, आणि त्या कपाटाची एकुलती एक किल्ली साहेबांच्या खिशात असते.

"काय कारण लिहू?" साहेबांनी विचारलं. "अधिकाऱ्याला अहवाल आवडला नाही, असं? कारण आणा, होवाळ. उघडतो."

बाहेर येऊन प्रियंकाने प्रयोगशाळेत फोन लावला. तिथली रेश्मा तिची कॉलेजची मैत्रीण. नमुना तिनेच तपासला होता.

"अगं, चांगलं पनीर होतं," रेश्मा म्हणाली. "स्टार्च नाही, परकी चरबी नाही. थोडं भुसभुशीत झालेलं, पण ते चालतं. तुकडे तर काय सुरेख. सापशिडीचे फासे असतात ना, तसे."

"काय म्हणालीस?"

"फासे. चौकोनी. का गं?"

प्रियंकाने जिन्यातच थांबून आपल्या हातांकडे बघितलं.

कापायचं नाही

छाप्याचा दिवस.

डेअरीच्या मागच्या खोलीत पनीरच्या लाद्या ओळीने पडलेल्या. नमुना घ्यायला आत कोण होतं? प्रियंका. मालक शंभूराज. पंच म्हणून गावातले निवृत्त सुभेदार लालासाहेब. बरण्यांचा खोका धरून जीपचा ड्रायव्हर गुंडा. आणि दारात, पदर खोचून, शंभूराजची आई अंबूबाई.

प्रियंकाने पिशवीतून सुरी काढली.

"ती ठेवा आत," अंबूबाई म्हणाली.

"आजी, सरकारी काम आहे."

"सरकारात पंचमी नसती व्हय? आज चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई, तव्यावर भाजायचं न्हाई. माझ्या उंबऱ्याच्या आत न्हाई."

"आई, त्यांचं त्यांना करू दे की," शंभूराज म्हणाला.

"तू गप रं."

सुभेदार मिशीत हसले. "मॅडम, ह्या म्हातारीपुढं आमच्या कर्नलनं बी हत्यार टाकलं असतं."

प्रियंकाला पंचमी ऐकून माहीत होती. तिच्या आज्याने छप्पन साली धम्म घेतला, त्यानंतर त्यांच्या घरातून नागोबा गेला आणि विळीला सुटी मिळणंही संपलं. नियमात नमुना सारखा मिसळलेला हवा असं आहे. तो सुरीनेच घ्यावा असं कुठेही नाही. तिने सुरी परत ठेवली, हातमोजे चढवले आणि लादी हाताने फोडली. ओबडधोबड ढेकळं बरण्यांच्या बारीक तोंडातून एकेक आत ढकलली.

"तुमच्यात पंचमी करत न्हाईत, न्हवं?" अंबूबाईने हळूच विचारलं.

"नाही आजी. पण घर तुमचं आहे."

म्हातारीने तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग आतून ताटलीत पुरणाचे उकडलेले दिंड आणले. तपासणीच्या जागी काही खायचं नसतं असं प्रियंकाने सांगितलं, तर म्हणाली, "खाऊ नगा. नुस्तं बघा. आमच्या थोरल्याच्या पोराला, इंद्रजितला, लय आवडतंय. उंब्रजला भरतीला हाय. पोट धरून पडलंय पोरगं. पाणी बदललं, म्हणत्यात."

बोलताना ती लाद्यांकडे बघत होती.

"आई, आत जा," शंभूराज म्हणाला.

तळायचं नाही

म्हणजे ढेकळं गेली होती आणि फासे पोहोचले होते. वाटेत कुठेतरी बरणी बदलली होती.

गुंडा जीपच्या बॉनेटला टेकून भजी खात होता. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत बरणी त्यानेच नेली होती.

"माझ्यावर डाऊट हाय व्हय, मॅडम?"

"सगळ्यांवर आहे."

"घ्या, भजी घ्या. डाऊट वेगळा, भजी वेगळी." त्याने कागद पुढे केला. "मी काय म्हंतो, ऐका. मी तिथं खोका धरून हुबा हुतो. म्हातारीनं सुरी आत ठिवाय लावली, ते मी बघितलं. मला बरणी बदलायची असती, तर मी बी फोडूनच भरलं असतं की. चौकोनी कशाला करू? येडा हाय का मी?"

प्रियंकाचा भज्याकडे गेलेला हात थांबला.

गुंडा बरोबर बोलत होता. आणि तो स्वतःपुरतं बोलला असला, तरी ते सगळ्यांना लागू होतं. शंभूराज तिथे होता, सुभेदार तिथे होते. ज्याने ढेकळं पाहिली तो फासे भरणार नाही. बदल करणाऱ्याने आत काय आहे हे पाहिलंच नव्हतं. बरणीवर बाहेरून कागद गुंडाळलेला असतो, आतलं दिसत नाही. सरकारी नमुना म्हणजे नीट कापलेला असणार, असं तो धरून चालला; ढेकळांचं त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

"रात्री बरणी कुठं होती?"

"हापिसात. साठवण खोलीच्या फ्रीजात. मोहोर बी तिथंच, लाख बी तिथंच. किल्ल्या दोघांकडं. रविराज भाऊ आन् कुणाल सर." गुंडाने बोटं पुसली. "दोघं बी तवा डेअरीवर नव्हते."

खणायचं नाही

रविराज साठवण खोलीचा लिपिक. कपाळावर गंध, खिशात बडीशेपेची डबी, आल्यागेल्याला डबी पुढे करायची सवय. गाव कडेगाव. शंभूराज आणि तो शाळेत एका बाकावर बसायचे, हे त्याने स्वतःच हसत सांगितलं.

"लपवायचं काय त्यात, मॅडम? त्याच्या लग्नात मी वाढपी होतो. पण नोकरी ती नोकरी."

"बरणीत चौकोनी तुकडे निघाले. मी तर हाताने फोडलं होतं."

रविराजची डबी मिटली. मग पुन्हा उघडली.

"चौकोनी? म्हणजे सुरीनं कापलेले." तो विचारात पडल्यासारखा थांबला. "बरणी इथं एकच रात्र होती. पंचमीची. आता माझ्या घरचं सांगतो. पंचमीला आमच्यात विळी उलटी करून ठेवतात. बायको भाजी हातानं मोडते. माझ्या आईनं बघितलं ना की मी सुरी धरली, तर घरात घेणार नाही. विचारा गल्लीत."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. पंचमीच्या रात्री सुरी कोण धरणार, एवढंच बघा. मी कुणाचं नाव घेत नाही."

नाव घ्यायची गरजच नव्हती. किल्ल्या दोघांकडे होत्या.

कुणाल ह्याच कार्यालयातला प्रयोगशाळा सहायक. चाळिशीचा, चष्मा दोरीने गळ्यात. प्रियंकाने सगळं सांगितलं तेव्हा तो साठवण खोलीत बरण्या धूत होता.

"माझ्याकडे किल्ली आहे, आणि माझ्या घरात पंचमी नाही," तो म्हणाला. "त्या रात्री आम्ही कांदा चिरून, तव्यावर भाकरी भाजून जेवलो. शेजाऱ्यांना वास गेला असेल. संपलंच की."

"संपलेलं नाही."

"बाई, तुम्हीसुद्धा पंचमी करत नाही. शुक्रवारी म्हणतील, होवाळ आणि कुणाल दोघांनी मिळून केलं. का केलं ते कोण विचारतंय? हे लोक सणाला सुरी धरतात, एवढं बास होईल." त्याने नळ बंद केला. "माझी आई येसूबाई लोकांच्या म्हशींचं शेणपाणी करायची. पण लोकांनी तिला कधी आपल्या दुधाच्या भांड्याला हात लावू दिला नाही. मी ह्या खात्यात आलो तेव्हा म्हणाली होती, आता तुझ्या सहीशिवाय त्यांचं दूध शुद्ध ठरायचं नाही."

प्रियंकाने धुतलेली एक बरणी उचलून तिच्या बारीक तोंडात बोट घातलं.

मग म्हणाली, "कुणाल सर, पनीरची एक लादी आणते. तुम्ही कापून दाखवता?"

ताणायचं नाही

इथवर वाचकाला जे ठाऊक आहे तेवढंच प्रियंकालाही ठाऊक होतं. उलट वाचकाने एक पाटी पाहिली आहे, ती तिने अजून पाहिलेली नाही.

कुणालने लादी कापली. हात सरावाचा होता, तरी कडेचे तुकडे तिरपे आले. एक जाड, एक चपटा, शेवटी एक निमुळती फाक उरली. प्रियंकाने रेश्माला फोन लावला.

"तुझ्या बरणीत कडेचे तुकडे होते? तिरपे? फाक?"

"एकही नाही. सगळे एका मापाचे. ढोकळासुद्धा इतका सारखा निघत नाही."

"आणि भुसभुशीत म्हणालीस, ते कसं?"

"गोठवलेलं पनीर वितळलं की होतं तसं. स्पंज." रेश्मा थांबली. "प्रियंका, हे पाकिटातलं आहे. कारखान्यात यंत्रावर कापून गोठवतात ना, ते. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

फोन ठेवून प्रियंका हसायला लागली. कुणाल चष्मा लावून तिच्याकडे बघत राहिला.

"पंचमीच्या रात्री सुरी कोण धरणार, असं रविराज म्हणाला ना?" ती म्हणाली. "त्याचं उत्तर सरळ आहे. कोणीच नाही. सुरी कोणी धरलीच नाही. ज्याला सुरी चालते तो बाजारातून लादी आणतो आणि घरी कापतो. तुम्ही तेच केलं असतं. मीही. आयतं कापलेलं पाकीट कोण शोधेल? ज्याला त्या दिवशी सुरी चालत नाही तो."

कुणाल हळूच खुर्चीत बसला. "म्हणजे त्यानं पंचमी पाळली."

"अगदी मनापासून. आता पाकीट कुठं मिळालं तेवढं शोधायचं."

फार शोधावं लागलं नाही. कार्यालयाच्या कोपऱ्यावर अंजना वहिनींचं दूध-दह्याचं दुकान आहे. आतल्या फळीवर एक पाटी पालथी ठेवून तिच्यावर श्रीखंडाचे डबे रचले होते. प्रियंकाने विचारलं तशी वहिनींनी डबे बाजूला करून पाटी सुलटी केली. खडूची अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती.

"दरवर्षी लावते," वहिनी म्हणाल्या. "नाहीतर गिऱ्हाईक भांडतंय. पाव किलो द्या, कापून द्या. मी म्हणते, अख्खी लादी न्या, न्हाईतर उद्या या."

"त्या दिवशी संध्याकाळी कुणी कापलेलं मागितलं होतं?"

"तुमचंच माणूस की. रविराज भाऊजी. रोज ताक प्यायला येत्यात. मी म्हटलं, लादी न्या, घरी कापा. तर म्हणाले, आज आमच्यात सुरी न्हाई, वहिनी. मग म्हटलं, मोडून भाजीत घाला. तर म्हणाले, न्हाई, नीट कापलेलं पायजे, आन् भांड्याचं तोंड बारीक हाय." वहिनींनी हसून कपाळाला हात लावला. "फ्रीजरात एक पाकीट होतं, चौकोनी तुकड्यांचं. ते दिलं. किती खूश झाले म्हणून सांगू. म्हणाले, वहिनी, सण वाचवलासा."

सांडायचं नाही

शुक्रवार.

वीरधवल साहेब टेबलामागे बसले होते. समोर शंभूराज, पांढरा शर्ट, शेजारी वकील. मागच्या बाकावर सुभेदार आणि अंबूबाई. दाराशी रविराज, हातात पाण्याचे पेले. ते आणून देणं त्याचं काम नव्हतं, पण त्याला आत थांबायचं होतं.

प्रियंकाने सांगितलं: मी पनीर हाताने फोडलं, प्रयोगशाळेत चौकोनी पोहोचलं, म्हणजे नमुना बदलला गेला. उरलेला भाग उघडावा.

शंभूराज उठला.

"साहेब, मॅडम खोटं बोलत्यात. त्यांनी आमच्या घरात सुरीनंच पनीर कापलं. पंचमीला. आमी हात जोडले, तरी ऐकलं न्हाई. त्यांना काय, त्यांच्यात सणवार न्हाईत. नमुना चौकोनीच हुता. तोच प्रयोगशाळेत गेला."

चौकोनी तुकड्यांची गोष्ट तिने आजच्या आधी फक्त कार्यालयात काढली होती. तरी ती आधीच शंभूराजपर्यंत पोहोचली होती, तो उत्तर पाठ करून आला होता, आणि त्याने तिच्यापुढची वाट बुजवून टाकली होती. सुरी चालली असेल, तर बदल झालाच नाही. बदल झाला नसेल, तर कपाट उघडायला कारण उरत नाही.

"पंच काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

सुभेदार लालासाहेब उठले. शंभूराजच्या शेजारी त्यांची जमीन होती, एकाच पाटाचं पाणी होतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, खाली बघितलं. "मी... जरा लांब हुतो, साहेब."

गुंडा दारातून म्हणाला, "सुभेदार, हातभर लांब हुतासा."

"तुम्ही खात्याचे. तुमचं चालत नाही," वकील म्हणाला.

मागच्या बाकावर काठी जमिनीवर टेकली.

"मी उठू का, साहेब?" अंबूबाई उठलीच होती. "माझ्या घरात सुरी चालली म्हणतोय ह्यो. पंचमीला."

"आई, बस," शंभूराज म्हणाला.

"आदल्या सांजेला घरातल्या सगळ्या सुऱ्या, विळ्या, कोयतं मी पोत्यात बांधलं. माळ्यावर टाकलं. शिडी कुणी धरली? ह्येनंच धरली." तिने लेकाकडे बोट केलं. "ही पोरगी सुरी काढायला लागली. मी म्हटलं, न्हाई. तिनं एका शब्दानं ठेवली. हातानं फोडलं. ढेकळं ढेकळं. तिच्यात पंचमी न्हाई, तरी तिनं माझी पंचमी पाळली. आन् ह्यो माझा ल्योक, भरल्या सभेत म्हणतोय, आमच्या घरात सुरी चालली."

शंभूराजने मान वळवली.

"सुभेदार," म्हातारी म्हणाली, "तुमी लढाईत सुदिक असंच लांब हुतासा का?"

लालासाहेब ताठ उभे राहिले. "हातानं फोडलं, साहेब. माझ्या डोळ्यांदेखत. माझी चूक झाली."

साहेबांनी पेन उचललं. "तुकडे चौकोनी कसे झाले मग?"

तेव्हा प्रियंकाने दाराकडे बघून सांगितलं, "वहिनी, या आत."

अंजना वहिनी पाटी काखेत धरून आल्या. रविराजने त्यांना बघितलं. एक पेला तिरका झाला, पाणी त्याच्या बुटावर सांडलं.

"भाऊजी, सांभाळून," वहिनी सवयीने म्हणाल्या. मग साहेबांना सगळं सांगितलं. सुरी नको, मोडलेलं नको, भांड्याचं तोंड बारीक.

"रविराज," साहेबांनी विचारलं, "कुठलं भांडं?"

"घरी... डबा होता साहेब. मुलीच्या शाळेचा."

"शाळेच्या डब्याचं तोंड बारीक नसतं," कुणाल मागून शांतपणे म्हणाला. तेवढंच बोलला.

"तुम्ही म्हणाला होतात, सुरी धरणारा शोधा," प्रियंका म्हणाली. "मी उलटं केलं. सुरी टाळणारा शोधला. साहेब, ह्यांनी मोहोर बदलली, लाख बदलली, बरणी बदलली. फक्त सण बदलला नाही."

साहेबांनी खिशातून किल्ली काढली.

कपाट सगळ्यांसमोर उघडलं. एक बरणी टेबलावर आली. लाख शाबूत होती, मोहोर सरळ. वकिलाने सही केली, शंभूराजला करावी लागली. साहेबांनी दोरा तोडला, कागद काढला.

आत ढेकळं होती. हाताने फोडल्याच्या ओबडधोबड कडा अजून दिसत होत्या.

नियमाप्रमाणे बाकीच्या दोन बरण्या पुढच्या प्रयोगशाळेत जाणार होत्या, तिथला निकाल यायला महिना लागणार होता. पण त्या खोलीत महिनाभर थांबायला कोणी तयार नव्हतं. कुणालने बशीत एक ढेकूळ घेतलं, थोडं उकळून गार केलं, आणि साहेबांनी मान हलवल्यावर आयोडीनची बाटली पुढे केली. पण थेंब त्याने टाकला नाही. बाटली अंबूबाईपुढे धरली.

"तुम्ही टाका, आजी."

"काय हुतं टाकल्यावर?"

"चांगलं असेल तर थेंब तसाच तपकिरी राहील. भेसळ असेल तर निळा होईल."

म्हातारीने बाटली घेतली. थेंब बरोबर मधोमध पडला. पांढऱ्या ढेकळावर तो क्षणभर तपकिरी दिसला. मग कडेने निळा झाला, मग गर्द, शाई सांडल्यासारखा सगळीकडे पसरला.

अंबूबाईने बशीकडे बघितलं, मग लेकाकडे.

"नागाला दूध दावतोस आन् पोरांना हे," ती म्हणाली. एवढंच.

रविराज कपाळावरचं गंध रुमालाने पुसत होता. ते पुसायची काहीच गरज नव्हती.

वाजवायला चालतं

गोदामाचं सील निघालं नाही. त्यावर दुसरं बसलं. डेअरीचा परवाना निलंबित झाला. महिन्याने पुढच्या प्रयोगशाळेचा निकाल आला, तोही भेसळीचाच. साठा खड्ड्यात पुरला, तेव्हा पंच म्हणून लालासाहेब काठावर सावधानमध्ये उभे राहिले, कोणी सांगितलं नसताना. शंभूराज आणि रविराज दोघांवर गुन्हा नोंदला गेला. निलंबनाचा प्रस्ताव वरून परत आला तो दुसऱ्याच नावासाठी वापरला गेला.

कुणालला साठवण खोलीचा ताबा मिळाला. पहिल्या दिवशी त्याने आई येसूबाईला आणून खुर्चीवर बसवलं. तिने बरण्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "ह्या रोज घासतोस ना?"

गुंडाने विश्रामबागेतल्या चौकात जीप उभी करून इतका वेळ हॉर्न वाजवला की ट्रॅफिक हवालदार आला. गुंडाने त्याला पेढा दिला.

"कशाबद्दल?"

"सण हाय."

"कुठला?"

"आमचा हाय. खा. तपासून आणलाय."

प्रियंका जीपमधून उतरली, अंजना वहिनींच्या दुकानात गेली आणि पनीरची अख्खी लादी मागितली.

"कापून देऊ?" वहिनींनी विचारलं. सुरी हातात होती.

"नको," ती म्हणाली. "फोडूनच खाते."

पुढच्या सोमवारी उंब्रजच्या मैदानावर शिट्टी वाजली. धुकं होतं, तरी पोरं धावत आली. सगळ्यात पुढे इंद्रजित घार्गे होता.

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी अंबूबाई घार्गे उंब्रजच्या दवाखान्यात नातवाला बघून परतत होती, आणि एसटीची वाट बघताना शेजारच्या बाईचा मोबाईल मागून घेऊन तिने विश्रामबागेतल्या कार्यालयात एक फोन केला.